आवाज बसला की फाटला? : घरगुती ॲम्प्लिफायरचे दोषनिदान आणि तक्रारीची भाषा

बीड तालुक्यातील लिंबागणेश हे बालाघाटच्या पठारावरील गाव भालचंद्र गणेशाच्या जुन्या देवस्थानामुळे पंचक्रोशीच्या बाहेरही ठाऊक आहे. अशा गावातील घरात ध्वनियंत्राला केवळ करमणुकीपेक्षा अधिक स्थान असते. पहाटेची भक्तिगीते, सायंकाळचा हरिपाठ, आकाशवाणीवरील बातम्या, घरचे बारसे आणि लग्न ही सारी त्याच एका पेटीतून ऐकली जातात. ही पेटी पुष्कळदा कोणा मोठ्या कारखान्यातून आलेली नसते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून सुटे भाग येतात, तालुक्याच्या गावी एखादा मिस्त्री ते जुळवतो, आणि पत्र्याच्या वा लाकडी खोक्यात बसवून ग्राहकाच्या हाती देतो. अशा यंत्राचा आराखडा छापलेला नसतो. ते बिघडले म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याजवळ दोनच साधने उरतात : एक त्याचा स्वतःचा कान, आणि दुसरे ग्राहकाने तक्रार सांगताना वापरलेला शब्द.

ह्या दुसऱ्या साधनाचा विचार फारसा झालेला नाही. वस्तुतः 'यंत्र पूर्वीसारखे चालत नाही' ह्या एका स्थितीसाठी मराठी बोलणाऱ्याजवळ डझनभर क्रियापदे व अनुकरणवाचक शब्द आहेत, आणि ते परस्परांचे पर्याय नाहीत. यंत्रासोबत येणाऱ्या इंग्रजी पुस्तिकेत जे सारे दोष 'आवाज कमी' अशा एकाच सदरात कोंबलेले असतात, ते बोलीभाषेत आधीच वेगळे झालेले असतात. आणि हे वेगळेपण बहुतांशी यंत्रातील वेगवेगळ्या स्थानांशी जुळते.

प्रथम नावांविषयी. ग्रांथिक मराठीत ह्या यंत्राला विवर्धक, वर्धक, ध्वनिवर्धक असे पर्याय आढळतात. त्यांपैकी 'ध्वनिवर्धक' हा शब्द वृत्तपत्रांत कधी संकेत वाढवणाऱ्या पेटीसाठी, तर कधी प्रत्यक्ष आवाज बाहेर टाकणाऱ्या कर्ण्यासाठी योजला जातो. निबंधात अशी संदिग्धता खपते, दुरुस्तीत ती महाग पडते. कारण दोष पेटीत आहे की कर्ण्यात, हाच तेथे पहिला प्रश्न असतो. दुकानात ॲम्प्लिफायर आणि स्पीकर असे दोन निःसंदिग्ध शब्द रूढ आहेत, म्हणून प्रस्तुत लेखात तेच ठेवले आहेत. रूढ शब्द परका असला तरी नेमका असेल, तर त्याच्या जागी स्वकीय पण ढिला शब्द आणण्यात भाषेचा लाभ कोणता, हे सांगणे कठीण आहे. अर्थात दुकानाची भाषाही सर्वत्र नेमकी असते असे नाही. 'फीडबॅक' हा शब्द मंडपवाल्याच्या तोंडी मायक्रोफोनच्या कर्कश शिट्टीसाठी येतो, आणि आयसी बसवणाऱ्याच्या तोंडी त्याच्या अगदी उलट हेतूच्या, आवाज काबूत ठेवणाऱ्या योजनेसाठी.

आता तक्रारीकडे वळावे. एखाद्या सकाळी असा संवाद घडतो असे समजावे. वयस्क शेतकरी पेटी दुकानाच्या फळीवर ठेवतो आणि म्हणतो, "मिस्तरी, बगा बरं जरा. आवाजच नाही ऱ्हायला ह्याला." तरुण मिस्त्री झाकण उघडण्याआधी विचारतो, "आबा, आवाज बसला का फाटला?" हा प्रश्न वरवर पाहता घशाच्या वैद्याचा वाटेल, आणि एका अर्थी तो तसाच आहे. 'आवाज' हा मुळात फारसीतून आलेला शब्द मराठीत माणसाच्या कंठाशी इतका एकजीव झाला आहे की बसणे, फाटणे, चिरकणे, दबणे, तुटणे, घोगरा होणे ही त्याची सारी क्रियापदे कंठाच्या व्याधींचीच आहेत. यंत्र आले तेव्हा भाषेने त्याच्यासाठी नवी क्रियापदे घडवली नाहीत; गळ्याचीच त्याला दिली. सुदैवाने ही देणगी शास्त्रदृष्ट्या सुस्थळी पडली.

बसलेला आवाज लहान असतो, पण त्याचे रूप बिघडलेले नसते. फाटलेला आवाज मोठा असू शकतो, परंतु त्याच्या कडा तुटलेल्या असतात. हा भेद समजण्यासाठी यंत्राची रचना थोडी ध्यानात घेतली पाहिजे. मोबाइल, टीव्ही किंवा रेडिओ ह्यांतून येणारा क्षीण संकेत प्रथम आवाजाच्या बटणापाशी येतो. तेथून पूर्वविभागात थोडा व शक्तिविभागात पुष्कळ वाढतो. आणि मग तारेने स्पीकरकडे जातो. ह्या सर्वांना वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि मोठे कंडेन्सर हा भाग स्वतंत्र असतो. त्याला दुकानात 'सप्लाय' म्हणतात. संकेत किती पट वाढावा हे शक्तिविभागातील दोन रेझिस्टन्सच्या प्रमाणावर ठरते. टीडीए २०३० ह्या जुन्या व लोकप्रिय आयसीच्या प्रचलित मांडणीत ते २२ किलोओहम व ६८० ओहम असतात, म्हणून वाढ सुमारे ३३ पट होते. बाहेर आलेल्या संकेताचा अंश उलटा करून पुन्हा आत द्यावयाचा, म्हणजे वाढ स्थिर राहते, ही ती योजना. हॅरल्ड ब्लॅक ह्या अमेरिकन अभियंत्याला ती १९२७ साली सुचली. तिचा एक परिणाम दोषनिदानात निर्णायक ठरतो. वाढीचे हे प्रमाण सप्लायच्या व्होल्टवर अवलंबून राहत नाही.

येथेच एक सार्वत्रिक गैरसमज उघडा पडतो. रब्बीच्या दिवसांत विहिरींवरचे पंप चालू झाले म्हणजे खेड्यातील विजेचा दाब खाली येतो, आणि आवाज कमी झाल्याचे खापर त्या 'डिम' विजेवर फोडले जाते. पण दाब २३० व्होल्टवरून १८० वर आला, तरी मध्यम पातळीवर लावलेला हरिपाठ पूर्वीइतकाच मोठा ऐकू येईल. कारण ३३ पट हे ३३ पटच राहतात. बदलते ते छप्पर. संकेताची लाट सप्लायच्या व्होल्टपलीकडे उंच जाऊ शकत नाही. छप्पर खाली आले की लाटेचे माथे त्याला आदळून छाटले जातात, आणि छाटलेली लाट म्हणजेच फाटलेला आवाज. तेव्हा कमी दाबाची खूण 'आवाज बसला' ही नव्हे. 'पूर्वी बटण आठवर नेले तरी चालत असे, आता सहालाच फाटतो' ही होय. ग्राहक फाटण्याची तक्रार करीत असेल, तर मिस्त्रीने सप्लाय तपासावा : भिंतीवरील दाब, डायोड, मोठा कंडेन्सर. ग्राहक बसण्याची तक्रार करीत असेल, आणि बटण शेवटापर्यंत फिरवूनही आवाज फाटत नसेल, तर शक्तिविभागाला मुळात खाद्यच पोचत नाही असे समजावे. अशा वेळी सप्लायचा कंडेन्सर बदलणे म्हणजे पायाच्या दुखण्यावर डोक्याला लेप लावण्यासारखे आहे.

मग शोध यंत्राच्या तोंडापासून सुरू होतो. दुसरा मोबाइल जोडून पाहावा. पहिल्याचाच आवाज खाली ठेवलेला असणे ही गोष्ट वाटते त्याहून कितीतरी अधिक वेळा घडते. दोन वाहिन्यांचे यंत्र असल्यास डाव्या-उजव्या तारा अदलाबदल करून पाहाव्यात. दोष तारेबरोबर दुसऱ्या बाजूस गेला, तर तो मागे, स्रोताकडे आहे. जागीच राहिला, तर पुढे आहे. ह्या एका अदलाबदलीने अर्धे यंत्र संशयातून मुक्त होते, आणि त्यास मीटर लागत नाही. ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या यंत्रात जुने मिस्त्री आणखी एक युक्ती करतात : संकेत आत आणणाऱ्या तारेच्या मधल्या टोकाला बोट लावतात. शरीर आसपासच्या विजेची कंपने ग्रहण करीत असल्यामुळे स्पीकरमधून मोठा हुंकार आला, तर पुढचा सर्व भाग निरोगी आहे. हे बोट फक्त त्या एका टोकाला लावावयाचे. पेटीत इतरत्र नव्हे.

ह्याच ठिकाणचा एक दोष इतका फसवा आहे की त्याची स्वतंत्र नोंद केली पाहिजे. 'गाणं वाजतं, पण म्हणणारा ऐकू येत नाही' अशी तक्रार कधी कधी येते. मोबाइलमध्ये खुपसावयाच्या तीन वलयांच्या पिनेची समाईक तार आतून तुटली, म्हणजे डाव्या व उजव्या वाहिन्यांतील फरक तेवढा स्पीकरपर्यंत पोचतो. मुद्रणात गायकाचा आवाज बहुधा दोन्ही वाहिन्यांत सारखा ठेवलेला असल्यामुळे वजाबाकीत तो नाहीसा होतो. बाजूची वाद्ये आणि घुमारा मात्र राहतो. ऐकणाऱ्यास यंत्रात काही भयंकर बिघाड झाला असे वाटते. प्रत्यक्षात बदलावयाची असते ती केवळ पीन.

आवाज 'निम्मा झाला' असे ग्राहक म्हणतो, तेव्हा त्या निम्म्याचा अर्थही काळजीपूर्वक घ्यावा लागतो. कानाचे माप आणि मीटरचे माप एक नव्हे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स ह्याने १९३६ मध्ये ऐकू येणाऱ्या मोठेपणाची मोजपट्टी मांडली. पुढील प्रयोगांतून स्थिरावलेला ढोबळ नियम असा की, आवाज निम्मा वाटण्यासाठी तो सुमारे १० डेसिबलने घटावा लागतो, म्हणजे शक्ती एक-दशांश व्हावी लागते. वीस वॅटचे यंत्र दोन वॅटवर यावे, तेव्हा ते 'निम्मे' वाटणार. ह्या हिशोबाने काही नेहमीचे संशयित आपोआप सुटतात. वर सांगितलेल्या १८० व्होल्टच्या विजेने यंत्राची कमाल शक्ती सुमारे ३९ टक्क्यांनी घटते. डेसिबलमध्ये हे केवळ दोन भरतात. स्पीकर ओसरीवरून अंगणात नेण्यासाठी अर्ध्या चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वीस मीटर ओढली, तर जाण्यायेण्याच्या चाळीस मीटरांचा रोध सुमारे १.४ ओहम होतो, आणि चार ओहमच्या स्पीकरला मिळणारी शक्ती ४५ टक्क्यांनी घटते. डेसिबलमध्ये हेही अडीचच. जाड तार अवश्य वापरावी, पण आवाज खरोखर निम्म्यावर आला असेल तर त्याचे कारण बारीक तार नव्हे. कोठेतरी काही अशक्त झालेले नाही, तुटलेले आहे, असे समजून शोध घ्यावा.

हाच हिशोब खरेदीच्या वेळी उपयोगी पडतो. वीस वॅटची पेटी देऊन चाळीस वॅटची घेतली, तर फरक तीन डेसिबलचा. शेजारी शेजारी ऐकल्याशिवाय तो पुष्कळांच्या ध्यानातही येणार नाही. पेटीवर छापलेले 'पीएमपीओ'चे हजार वॅट तर विचारात घेण्याच्याही योग्यतेचे नसतात. गावोगावच्या पेट्यांत बसलेला एलए ४४४० हा आयसी मोटारीच्या बॅटरीइतक्या, म्हणजे १३.२ व्होल्टच्या सप्लायवर दोन वाहिन्यांत प्रत्येकी सहा वॅट किंवा दोन्ही जोडून एकोणीस वॅट देतो, असे त्याच्या निर्मात्याच्या माहितीपत्रकातच नमूद आहे. ह्याउलट, त्याच यंत्राला सहा डेसिबलने अधिक संवेदनशील स्पीकर जोडला, तर ते शक्ती चौपट करण्यासारखे होते. पैसा यंत्रावर घालावा की स्पीकरवर, हा प्रश्न बहुतेक घरांत विचारलाच जात नाही.

तिसऱ्या प्रकारच्या तक्रारी बसण्याच्याही नाहीत आणि फाटण्याच्याही नाहीत. आवाज पातळ झाला, पोकळ झाला, त्यात दम राहिला नाही, अशी त्यांची भाषा असते. भजन लावले असता टाळ खणखणीत ऐकू येतो, गायकही ऐकू येतो, पण पखवाजाची धूम गेलेली असते. लहानसहान ऐकणाऱ्यालाही हे कळते, कारण वारकरी भजनाचा सारा तोल त्या धुमेवर उभा असतो. असे का व्हावे? एकेरी सप्लायच्या पुष्कळ यंत्रांत शक्तिविभाग व स्पीकर ह्यांच्यामध्ये एक मोठा कंडेन्सर असतो. तो संकेताला वाट देतो व स्थिर विजेला अडवतो. ही वाट खालच्या स्वरांना किती मोकळी, हे त्याच्या धारणशक्तीवर ठरते. १००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आठ ओहमच्या स्पीकरबरोबर दर सेकंदास सुमारे २० कंपनांपर्यंतचे स्वर जाऊ देतो. तोच वाळून १०० मायक्रोफॅरड उरला, तर उंबरठा २०० कंपनांवर येतो, आणि पखवाजाच्या डाव्या पुडीचा मूळ नाद त्याखाली अडकतो. टाळाच्या तीव्र स्वरांना काहीच झळ लागत नाही. वाढीचे प्रमाण ठरवणाऱ्या ६८० ओहमच्या रेझिस्टन्सशेजारी एक छोटा, बहुधा २२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असतो. तो वाळला तरी असेच घडते. ह्या कंडेन्सरांच्या पोटात ओलसर द्रव असतो, आणि तापमान दर १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य सुमारे निम्मे होते. बीडच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपलीकडे जातो. त्यात पेटी कोनाड्यात, वर कापडी रुमाल घातलेली, आणि कंडेन्सर गरम पट्टीला चिकटून बसवलेला. तो दहा वर्षे टिकला तर त्याचे कौतुकच केले पाहिजे.

परंतु कंडेन्सरवर हात टाकण्यापूर्वी तारा पाहाव्यात. दोन स्पीकरांपैकी एकाच्या तारा उलट्या जोडल्या गेल्या, म्हणजे एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो, आणि खालचे स्वर हवेतच परस्परांना खाऊन टाकतात. दिवाळीत घर सारवून-रंगवून सामान पुन्हा लावल्यानंतर आवाज पोकळ झाल्याची तक्रार आली, तर दहांत नऊ वेळा हेच कारण धरावयास हरकत नाही. दीड व्होल्टचा साधा सेल स्पीकरच्या टोकांना क्षणभर टेकवून पाहावा. 'टक्' असा आवाज येऊन पडदा पुढे सरकला, तर सेलची धन बाजू ज्या टोकाला टेकली तेच स्पीकरचे धन टोक. दोन्ही स्पीकरांवर खूण करून तारा सारख्या जोडाव्यात. त्यासाठी खर्च शून्य.

ह्यापुढे भाषेच्या अभ्यासकास विशेष रुचेल असा भाग येतो. आवाज कमी होणे वेगळे, आणि आवाजात दुसरेच काही मिसळल्यामुळे तो कमी वाटणे वेगळे. ह्या मिसळीसाठी मराठीत साधी क्रियापदे नाहीत. द्विरुक्त अनुकरणवाचक शब्द आहेत : खरखर, घरघर, चरचर, फडफड. असे शब्द हा भारतीय भाषांचा समाईक ठेवा आहे, आणि आर्य व द्राविड दोन्ही कुळांत ते कसे पसरले आहेत हे एम. बी. एमेनो ह्या भाषाशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये सविस्तर दाखवले. प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्व आहे ते खरखर आणि घरघर ह्या जोडीला. दोहोंत भेद केवळ पहिल्या वर्णाचा, ख आणि घ एवढाच. त्या दोन वर्णांतही स्थान एक, महाप्राणत्व एक. फरक एकच की ख अघोष आहे आणि घ घोष. घोष म्हणजे उच्चाराच्या वेळी कंठातील तंतूंचे नियमित कंपन. प्रौढ पुरुषाच्या साध्या बोलण्यात हे कंपन सेकंदाला साधारण १०० ते १३० वेळा होते.

आता यंत्राकडे पाहावे. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. चार डायोडांचा पूल तिच्या दोन्ही बाजू सरळ करतो, म्हणून सप्लायमध्ये उरलेली लहर १०० ची होते. मोठा कंडेन्सर वाळला की ही लहर पुसली जात नाही आणि स्पीकरमधून अखंड ऐकू येते. ह्या आवाजाला ऐकणारा 'घरघर' म्हणतो, 'खरखर' म्हणत नाही. शंभर कंपनांच्या नियमित नादाचे अनुकरण करताना जीभ आपोआप घोष वर्ण निवडते, कारण घोष हा त्याच पल्ल्यातला नाद आहे. उलट बटण फिरवताना येणारा आवाज अनियमित, तुटक आणि नादरहित असतो. आतल्या कार्बनच्या पट्टीवर धूळ बसून किंवा ती झिजून स्पर्श तुटत-जुळत असतो. त्याला अघोष 'खरखर'च म्हटले जाते. तेव्हा ग्राहक घ म्हणाला की सप्लाय, आणि ख म्हणाला की बटण वा सांधा, हा ठोकताळा लहरी नाही. दुरुस्तीच्या दुकानात घोष-अघोषाचा हा विवेक कोणी व्याकरण न शिकता रोज करीत असतो.

घरघर ऐकून लगेच कंडेन्सर काढू नये, एवढी पुस्ती जोडली पाहिजे. आवाजाचे बटण पूर्ण खाली आणावे. तरीही घरघर तशीच राहिली, तर तिचा उगम बटणाच्या पुढे, बहुधा सप्लायमध्ये आहे. बटणाबरोबर ती कमी झाली, तर ती मागून, म्हणजे संकेताच्या तारेतून येत आहे. त्या तारेची वरची जाळी तुटली असण्याचा संभव मोठा. ही दुसरी घरघर ५० कंपनांच्या पायावर उभी असते, पण घरगुती लहान स्पीकर इतका खालचा स्वर नीट देऊ शकत नसल्याने केवळ कानाने दोहोंतला भेद करणे कठीण. बटणाची कसोटीच खरी. खरखरणाऱ्या बटणात विजेच्या स्पर्शांसाठी मिळणारा स्वच्छक सोडून ते वीस-पंचवीस वेळा फिरवावे. खाण्याचे किंवा यंत्राचे तेल सोडू नये. चार दिवस बरे वाटते आणि मग धूळ चिकटून बसते. 'फडफड' मात्र स्पीकरची आहे : पडद्याची कड उसवलेली, किंवा आतली गुंडाळी घासत असलेली. बोटांनी पडदा हलकेच सारखा दाबून पाहिला असता घासणे हाताला लागते.

तुटणाऱ्या आवाजाविषयी थोडक्यात सांगितले तरी पुरेल. आवाज अर्ध्या तासाने जातो आणि यंत्र निवले की परत येतो, तर आयसी तापून स्वतःचे रक्षण करीत आहे. थंड पट्टीशी त्याचा स्पर्श, मधला वाळलेला लेप आणि पेटीची हवा पाहावी. आवाज हादऱ्याने जातो-येतो, तर कोठेतरी कच्चा डाग आहे. लाकडी काडीने एकेका सांध्यावर टिचकी मारीत जावे. ज्या टिचकीला आवाज दचकेल, तेथे पुन्हा डाग द्यावा.

हे सर्व करताना एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यास आवाजापेक्षा मोलाची वस्तू जाते. पेटीच्या आतील बहुतेक भागात तीसचाळीस व्होल्टच असतात, पण स्विच, फ्यूज आणि ट्रान्सफॉर्मरची पहिली गुंडाळी येथे पुरते २३० असतात, आणि दोन पिनांच्या प्लगमुळे पत्र्याची पेटी पुष्कळदा जमिनीशी जोडलेली नसते. स्विच बंद करणे पुरेसे नाही. प्लग उपसून ठेवावा. मोठे कंडेन्सर त्यानंतरही भरलेले राहतात, ते काहीशे ओहमच्या रेझिस्टन्समधून रिकामे करावेत, पेचकसाने ठिणगी पाडून नव्हे. वारंवार उडणाऱ्या फ्यूजच्या जागी जाड तार बांधणे हा तर घराला आग लावण्याचाच मार्ग आहे. दुरुस्त यंत्र प्रथम चालू करताना मिस्त्री ते 'सिरीज बोर्डा'वर लावतात, म्हणजे वाटेत साठ किंवा शंभर वॅटचा तारेचा दिवा ठेवतात. दिवा क्षणभर चमकून मंदावला, तर ठीक. भरून पेटत राहिला, तर आत शॉर्ट आहे. घरोघरी आता एलईडी दिवे आल्यामुळे हा जुना तारेचा दिवा दुर्मिळ होत चालला आहे. एलईडीने ते काम होत नाही, म्हणून मिस्त्रीने दोनचार जपून ठेवावेत.

शेवटी एका तक्रारीचा विचार राहतो, आणि ती सर्वांत अधिक वेळा चुकीच्या ठिकाणी दुरुस्त केली जाते. घरातील आबा म्हणतात, "आवाज येतोय, पण शब्द लागत नाहीत." येथे बसणे नाही, फाटणे नाही, घरघरही नाही. शब्दांची ओळख प्रामुख्याने व्यंजनांवर चालते. पाट, ताट, खाट, हाट ह्यांत स्वर एकच आहे आणि भेद करणारे व्यंजन क्षणार्धात सरून जाते. स्वरांची शक्ती बहुतांशी सेकंदाला तीन हजार कंपनांच्या खाली असते, पण स ह्या वर्णाचा मुख्य भाग चार हजारांच्या पलीकडे आणि श चा त्याच्या थोडा अलीकडे असतो. तेव्हा उंच स्वरांचा छोटा स्पीकर बंद पडला, तर आवाज मोठाच राहून शब्द मात्र पुसट होतात. मिस्त्री तो तपासतो, बदलतो, आणि पेटी परत पाठवतो. आठ दिवसांनी तीच तक्रार पुन्हा येते.

कारण वाढत्या वयात कानाची शक्ती ओसरते तीही वरच्या स्वरांपासूनच. ऐकणाऱ्याला ह्या दोन स्थिती एकसारख्याच भासतात, आणि दोहोंची तक्रार एकाच वाक्यात होते. ह्या ठिकाणी भाषेने केलेले वर्गीकरण अपुरे पडते. कसोटी मात्र सोपी आहे. शाळेत जाणाऱ्या नातवाला आजोबांच्या बाजेवर, त्यांच्याच जागी बसवावे, बातम्या लावाव्यात, आणि ऐकलेली वाक्ये त्याला म्हणावयास सांगावीत. तो ती अचूक म्हणू लागला, तर पेचकस खाली ठेवावा. आबांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेऊन कान तपासून घ्यावेत. कधी मळ निघतो तेवढ्यानेच काम भागते, कधी श्रवणयंत्राचा सल्ला मिळतो. तोपर्यंत यंत्राचा आवाज वाढवून उपयोग नाही, कारण त्याने स्वर तेवढे मोठे होतात आणि घरातील इतरांना बसवत नाही. तीव्र स्वरांचे बटण थोडे वर करावे, आणि स्पीकर ओसरीच्या कोपऱ्यातून उचलून बाजेच्या जवळ आणावा. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की सहा डेसिबल मिळतात. यंत्राची शक्ती चौपट केल्याने जे मिळाले असते, तेवढेच.